कॉलरवरची कोथिंबीर

17 मार्च, आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस, डब्लिनची परेड, नेहमीचा पाऊस आणि माझ्या दंडाला खच्चून काढलेला चिमटा. काढणारे गृहस्थ अमेरिकेहून आलेले. डोक्यावर पिंपाएवढी हिरवी टोपी, हनुवटीला नारिंगी लोकरीची दाढी.

"हिरवं नाही घातलंस!" ते आनंदाने ओरडले. "इथली पद्धत आहे!"

इथली? माझं अख्खं बालपण या शहरात गेलं, चिमटा कुणी काढला नव्हता. ही खोडी त्यांच्याकडची, विमानाने आलेली. मी कॉलरला टाचलेला शॅमरॉक, म्हणजे या दिवशी मिरवायची हिरवी तिपानी डहाळी, दाखवला. त्यांनी वाकून हुंगला.

"कोथिंबीर? आणि पानं चार हवीत ना?"

संत पॅट्रिकने तीन पानांवरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावला, अशी कथा आहे. चौथं पान कुणाचं, ट्रॅव्हल एजंटचं? शिवाय माझा कोट निळा होता. 1783 साली पॅट्रिकच्या नावाने सरदारांचा मानाचा संघ निघाला, त्याचा रंग निळाच. पण ऐकतंय कोण! साहेब हिरवी बिअर शोधत होते.

बिअर म्हणे! 1961पर्यंत या दिवशी इथले पब कायद्याने बंद असत. शहरातल्याच बॉल्सब्रिज भागातल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात तेवढा बार चालू, त्यामुळे एक दिवस अख्ख्या गावाला श्वानप्रेमाचं भरतं यायचं. आमच्या लहानपणी परेडमध्ये कंपन्यांच्या जाहिरातींचे ट्रक जायचे. तेही आम्ही कुडकुडत, तोंड उघडं टाकून बघायचो. शेजारच्या आजी शॅमरॉक मातीसकट स्वेटरला टाचायच्या. खरं आकर्षण चॉकलेट. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मैत्रिणी ते सोडायच्या आणि आजच्या दिवशी सूट. सूट मिळावी म्हणून मीही सोडायचे. आई म्हणायची, "मध्येच पारणं? हा कसला गं उपास!"

"तू मूळची कुठली?" साहेबांनी विचारलं.

"डब्लिन."

"नाही, खरं सांग."

ज्याच्या वडिलांचं घराणं मालवणजवळच्या वराडचं, तो माणूस 2017 साली या देशाचा पंतप्रधान झाला. पण माझं डब्लिन अजून तपासणीतच.

"जरा सरकतेस?" त्यांनी फोन माझ्याच हातात कोंबला. "अस्सल आयरिश लोकांबरोबर फोटो हवाय."

शेजारच्या दोन पोरांना त्यांनी कवेत घेतलं. पोरं आपसात जर्मन बोलत होती. मी फोटो काढला, तिघांची डोकी वगळून.