तीनशे शब्दांचा निबंध आणि अठ्ठावीस वर्षं

कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणाचा विषय निघाला की पुण्यात अजून तीनशे शब्दांच्या निबंधाचाच विनोद चालतो. १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनियर त्या गाडीच्या धडकेत गेले आणि पंधरा तासांच्या आत ती चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा, तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर, जामिनावर सुटला. संताप येणारच, मलाही आला. पण त्या संतापातून जी मागणी निघते ना, ‘मोठं मानायचं वय अठरावरून चौदावर आणा, मोठ्यांच्या कोर्टात उभं करा’, ती शेवटी ज्यांच्या डोक्यावर पडणार आहे ती पोरं कल्याणीनगरात राहत नाहीत.

जामिनाचंच घ्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ सांगतं की मुलाला जामीन द्यायचा, गुन्हा कोणताही असो. नाकारायचा तर कारणं ठरलेली आहेत: बाहेर पडून तो गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या शरीराला-मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आता ही ‘संगत’ कोणाची मोजली जाते? पबमध्ये बसतात ते मित्र, आणि वस्तीच्या कोपऱ्यावर उभे राहतात ती टोळी! शिवाय जामीन मंजूर झाला तरी घरी न्यायला पालक यावा लागतो, हमी द्यावी लागते. धुणीभांडी करणारी आई तारखेला आली की त्या दिवसाचे पैसे गेले, दोन-चार खाडे झाले की कामच गेलं. कायद्यात यावरही उपाय आहे. सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर मुलाला पुन्हा बाल न्याय मंडळापुढे आणून अटी बदलून घ्यायच्या. पण हे उठून सांगायला वकील लागतो, आणि तोही तारखेला हजर असलेला.

तेव्हा पोर्शेवाल्या मुलाला जामीन मिळाला याचं मला दुःख नाही. बाकीच्यांना तो तसा मिळत नाही याचं आहे. रविवारच्या दिवशी मंडळाच्या एकट्या सदस्याने घाईने दिलेला तो आदेश धड नव्हता, हे मान्यच. पण पुढे लोकांचा राग बघून त्याला निरीक्षणगृहात ठेवलं, तेही उच्च न्यायालयाने २५ जूनला बेकायदा ठरवलं. जामीन कायम असताना कोंडून ठेवता येत नाही, इतकी साधी गोष्ट.

आणि या प्रकरणातले सगळ्यात संतापजनक आरोप कोणावर आहेत? ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलणाऱ्यांवर. ‘गाडी मीच चालवत होतो असं सांग’ म्हणून ड्रायव्हरवर दबाव आणणाऱ्यांवर. सगळे मोठे, शिकलेले, मतदार यादीत नाव असलेले. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वय चौदावर आणून यातलं काय सुधारणार होतं?

पुण्यातलंच दुसरं प्रकरण सांगते, ज्याची कोणी मीम करणार नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावर एकाच घरात सात जणांचे खून झाले. पाच बायका, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. दोघांना फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांतला एक खटल्यात मोठा माणूस म्हणूनच उभा होता. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात मात्र जन्मतारीख भलतीच होती, आणि नावही वेगळं. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. नागपूरच्या तुरुंगातून तो सुटला तोवर आत अठ्ठावीस वर्षं उलटून गेली होती. त्यांतली कितीतरी फाशीची वाट बघत. कायद्याने त्याला फार तर तीन वर्षं ठेवता आलं असतं.

सात खून मी विसरलेले नाही. ते कुटुंब ज्यांच्या ओळखीचं होतं त्यांना माझी पोस्ट झोंबेल, झोंबू दे. पण साडेबारा वर्षांचं पोर गाव सोडून पुण्यात असल्या ठिकाणी पोचलं कसं, त्याला आणलं कोणी, हे १९९४ मध्येच विचारायला हवं होतं. फाशी सुनावली की मग तेवढंही विचारावं लागत नाही.

वय सिद्ध करणं ही काही किरकोळ बाब नाही. आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर पालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी, जिच्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात. ऊसतोडीला दरवर्षी गाव सोडणाऱ्या घरातला, पालावर जन्मलेला पारधी मुलगा यांतला कोणता कागद दाखवणार? त्याच्यासाठी सतरा आणि एकोणीस यांच्यामधलं अंतर एका एक्स-रेवर ठरतं.

‘मग कोयता गँगचं, म्हणजे कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांचं काय?’ हा प्रश्न आता येईलच. रास्त आहे. भाईलोक मुद्दाम अठराच्या आतली पोरं पुढे करतात, हेही खरं. पण त्यासाठी याच कायद्यात कलम ८३ आहे: मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्याला वा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. हे कलम बातम्यांत कधी दिसतं का? दिसते ती पोलिसांनी काढलेली आरोपींची धिंड. त्या रांगेत अठराच्या आतलं कोणी असलं आणि त्याचा चेहरा व्हिडिओत आला, तर ओळख उघड करू नये सांगणारं कलम ७४ मोडलं, आणि वस्तीत त्या पोराला ‘भाई’ ही पदवी मिळाली ती वेगळीच.

२०२२ मध्ये देशभरात अठराच्या आतल्या मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. एकूण गुन्हे ५८ लाखांवर होते. महाराष्ट्राचा आकडा मोठा आहे, हे लपवायचं कारण नाही. पण निर्भया प्रकरणानंतर सोळा ते अठरा वयाच्या मुलांना गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखं चालवायची सोय झालीच की. ती २०१६ पासून लागू आहे, आणि कोयते काही त्यामुळे थांबले नाहीत.

तर माझं मागणं अगदी रुक्ष आहे. माहिती अधिकारात दोन आकडे मागवायचे. पुणे जिल्ह्यात कलम ८३ खाली आजवर किती मोठ्या माणसांवर गुन्हे दाखल झाले, आणि जामीन मंजूर होऊनही न्यायला कोणी आलं नाही म्हणून किती मुलं आत राहिली. अर्जाचा मसुदा मी तयार केलाय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट तुम्ही लावा, ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा.