डोकं ठणकतंय? एकदा घरातले दिवे पण बघा

किचनमध्ये ओट्यावर नवीन एलईडी पट्टी लावली आणि पुढच्या तीन आठवड्यांत मला पाच वेळा अर्धशिशीचा अटॅक आला, एरवी महिन्याला दोन येतात. डायरीत लिहायची सवय आहे म्हणून हे लक्षात तरी आलं, नाहीतर झोप झाली नाही, पाळी जवळ आलीये, कामाचं टेन्शन असं कशावर तरी ढकलून मोकळी झाले असते. घरात सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं दिव्याने कुठे डोकं दुखतं का, तू मनाला फार लावून घेतेस." बोलला प्रेमानेच, पण हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळलेय म्हणून आज सविस्तर लिहितेय.

उजेड सहन न होणं हे मायग्रेनच्या निदानातलंच एक लक्षण आहे, नखरे नाहीत. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम दिसण्यापेक्षा उजेड किती आहे ते मेंदूला कळवायचं, आणि निळसर उजेडाला (साधारण ४८० नॅनोमीटर) त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. २०१० मध्ये मायग्रेनवर संशोधन करणाऱ्या रामी बर्स्टिन यांच्या टीमने अंध मायग्रेन पेशंट्सचा अभ्यास केला होता, ज्यांना दिसत नव्हतं पण उजेड आहे की नाही एवढं जाणवत होतं त्यांचं डोकं उजेडात जास्त दुखायचं, ज्यांना उजेडही जाणवत नव्हता त्यांना काही फरक पडायचा नाही. पुढे २०१६ मध्ये याच टीमला दिसलं की बाकी रंगांपेक्षा हिरवा उजेड सगळ्यात कमी त्रास देतो. आता यात मनाला लावून घेण्याचा काय संबंध, सांगा.

पण मला जे कळायला फार वर्षं लागली ते वेगळंच आहे, दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो किती लुकलुकतो हे बघायला हवं. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट ५० सायकलच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला ते दिसत नाही पण मेंदूपर्यंत पोचतं. १९८९ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अरनॉल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ऑफिसातल्या ट्यूबलाइट्सवर प्रयोग केला, साध्या चोकऐवजी हाय फ्रिक्वेन्सीवाली (म्हणजे लुकलुक जवळपास घालवणारी) इलेक्ट्रॉनिक चोक लावली तेव्हा डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण सरासरी निम्म्याहून जास्त कमी झाला. एलईडी आली की हा प्रश्न मिटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार मधल्या क्षणात गरम राहायची म्हणून उजेड फारसा कमी व्हायचा नाही, एलईडीचं तसं नाही, करंट गेला की उजेड गेला, त्यामुळे सगळं आतल्या ड्रायव्हरवर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट). ड्रायव्हर स्वस्तातला असेल तर दिवा सतत फडफडतो, आणि बऱ्याच डिमरमध्ये तर उजेड कमी करायची पद्धतच भराभर चालू-बंद करायची असते, म्हणजे आपण डोळ्यांना आराम म्हणून उजेड कमी करतो आणि त्रास वाढतो!!

घरी बघायचं कसं तर रात्री तो एकच दिवा चालू ठेवा आणि त्याच्याखाली पेन जोरात इकडून तिकडे हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, तुटक तुटक अनेक पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही बऱ्याचदा दिसतं. आमच्या ओट्यावरच्या पट्टीखाली मला एकाच्या जागी सात-आठ पेनं दिसली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते, प्रत्येक वेळी दोष दिव्याचाच असतो असं नाही. अटॅक डोकं दुखायच्या कितीतरी तास आधी सुरू झालेला असू शकतो, तेव्हापासूनच उजेड टोचायला लागतो आणि आपण म्हणतो दिव्यामुळे झालं. म्हणून मी बाकी काही न बदलता फक्त ती पट्टी महिनाभर बंद ठेवली. अटॅक परत दोनवर आले. एका बाईचा एक महिना, याला पुरावा म्हणणार नाही मी, पण मला पुढे काय करायचं ते कळलं. आता उघडा बल्ब कुठेच नाही, शेडमधून किंवा भिंतीवरून येणारा उजेड, संध्याकाळनंतर ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा बंद आणि २७०० चा पिवळसर चालू. पंख्याच्या पात्यांच्या वर छतात असलेला डाउनलाइट काढला, त्याच्या फिरत्या सावल्या मला अजिबात सहन व्हायच्या नाहीत. आणि घरात दिवसभर काळा गॉगल लावून बसू नका प्लीज, मी केलंय ते, डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि नंतर साधा उजेडही खुपतो. अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं तर दिवे बघत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

राग कशाचा येतो तर बल्बच्या खोक्यावर वॅट असतं, ल्युमेन असतं, केल्विन असतं, पण तो किती लुकलुकतो हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून एलईडीच्या फ्लिकरवर (लुकलुकण्यावर) मर्यादा घातलीये, म्हणजे चांगला ड्रायव्हर बनवता येतो. मग तो आकडा खोक्यावर छापायला काय हरकत आहे? ज्याला त्रास नाही त्याचं काही बिघडत नाही, ज्याला आहे त्याचे महिन्यातले तीन-चार दिवस वाचतील.

परवा नवरा बल्ब आणायला गेला होता. दुकानात चालू करून मागितले आणि खिशातलं पेन काढून प्रत्येकाखाली हलवून बघितलं म्हणे. दोन परत केले, तिसरा घेऊन आला.