हिवाळ्यात तैगा झोपलेलं नसतं

‘हिवाळ्यात तैगाच्या जंगलात सगळं ठप्प होतं. प्राणी शीतनिद्रेत जातात, सूचिपर्णी झाडांना थंडी बाधत नाही म्हणून ती हिरवी राहतात आणि एकदा आग लागली की जंगल कायमचं संपतं.’ अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. तैगा म्हणजे उत्तर गोलार्धात, आर्क्टिकच्या दक्षिणेला पसरलेला सूचिपर्णी जंगलांचा थंड पट्टा. एकेक मुद्दा घेऊ.

प्राणी झोपतात? मोजकेच. मूस हे थोराड हरीण काटक्या ओरबाडत हिंडतं, लिंक्स ही रानमांजर सशामागे असते. आणि श्रू बघा. दिसायला उंदरासारखा, वजन जेमतेम दहा ग्रॅम. एवढ्याशा अंगात चरबी साठवणार कुठे? दर काही तासांनी पोटात काहीतरी पडलंच पाहिजे. त्यावर त्याचा तोडगा अजब आहे: हिवाळ्यापूर्वी त्याची कवटी आणि मेंदू चक्क आकसतात, वसंतात पुन्हा थोडे वाढतात. लहान शरीर, कमी खर्च! पोलंडच्या ऑगस्ट देनेल यांनी १९४९ मध्ये हे नोंदवलं. वर उणे चाळीस असलं तरी जाड बर्फाखाली, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास राहतं. श्रूचं सगळं हिंडणं-फिरणं तिथे.

उत्तर अमेरिकेतल्या वन बेडकाला तर ‘झोपलेला’ म्हणणंही चूक. त्याच्या शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं. पेशींमध्ये भरलेलं ग्लुकोज त्यांना वाचवतं आणि वसंतात हा गडी उड्या मारायला लागतो.

थंडी बाधत नाही? बाधते, म्हणून तर झाडं आधीपासून तयारीला लागतात. दिवस लहान होऊ लागले की तोच इशारा. पेशींमधलं पाणी बाहेर सरकतं आणि बाहेरच गोठतं. आत साखर दाटते. तीच पानं भर उन्हाळ्यात कडक हिमात सापडली तर मरतील. शिवाय हिरवं म्हणजे चालू नव्हे. ऐन हिवाळ्यात प्रकाशसंश्लेषण जवळपास बंदच असतं. आणि रशियातल्या, सैबेरियाच्या याकुतियात, जिथली थंडी सगळ्यात जीवघेणी, तिथे राज्य आहे लार्च या झाडाचं. तो सूचिपर्णी असूनही शरदात सगळी पानं झाडून मोकळा होतो!

राहिली आग. जॅक पाइन या उत्तर अमेरिकेतल्या झाडाचे बरेचसे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. साधारण ५० अंशांना राळ वितळते, शंकू उघडतात आणि बिया राखेवर पडतात. मात्र रोपांना शंकू धरण्याआधीच दुसरी आग आली, तर पेरायला बीच उरत नाही. त्या मजकुरात खरं आहे ते एवढंच.