गुळाने शिसं उतरत नाही, आणि साचा म्हणजे बिडाचा तवा नव्हे

रविवारी सकाळी रत्नागिरीहून भाच्याचा मेसेज: "मामा, हे बघ जरा. असंच करू ना?" खाली फॉरवर्ड. 'नवीन साचा घेतलात? या सहा गोष्टी केल्याशिवाय शिसं ओतू नका.' पठ्ठ्याला मासेमारीचा नाद लागलाय. गळाला लावायचं शिसं घरीच ओतायचं म्हणून त्याने अ‍ॅल्युमिनियमचा साचा मागवलाय. मी कोल्हापुरात ओतकामात आयुष्य घालवलं, म्हणून विचारलं तरी. इतरांनी विचारलंही नसेल.

चार ओळींतच कळलं की मजकूर मूळचा अमेरिकेतला. तिकडे बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या सूचना कुणीतरी मशीनमधून मराठीत काढल्यात आणि मधे आजीबाईचा बटवा उपडा केलाय. 'गोळी' हा शब्द मात्र जिथल्या तिथे. आपल्याकडे विनापरवाना तसली गोळी ओतलीत तर शस्त्र कायदा १९५९ आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

सहावा मुद्दा आधी घेतो, कारण डोकं फिरलं ते त्यानेच. 'शिसं १७४९ अंशांना उकळतं, त्यामुळे ४०० अंशांना वाफ होत नाही. स्वयंपाकघरातल्या गॅसवर खुशाल वितळवा. नंतर दूध-गूळ घ्या, अंगातलं शिसं उतरतं.'

उकळण्याचा आकडा बरोबर आहे. शिसं वितळतं ३२७ अंशांना, ओततात साधारण पावणेचारशे-चारशेला, आणि तेव्हा वाफ अगदी कमी होते हेही खरं. पण घात वाफेपेक्षा मळीने होतो. वितळलेल्या शिशावर करडी साय धरते, ती चमच्याने काढताना तिची पूड उडते. ती ओट्यावर बसते, फडक्याला लागते, हाताला लागते. त्याच हाताने माणूस चहाचा कप उचलतो. आणि भाच्याची मुलगी तीन वर्षांची. ती अख्खा दिवस त्याच फरशीवर खेळते आणि बोटं तोंडात घालते.

जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की शिशाची निर्धोक म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. तोंडावाटे गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं. याच संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, तर ते कुठून आलं ते शोधून बंद करायचं. ४५ च्या पुढे गेलेल्या मुलांना शिसं बाहेर काढणारी औषधं द्यायची, तीही डॉक्टरांनी. गुळाचं नाव कुठे नाही. अंगात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. गूळ काय हाडं खरवडणार?

एक कबूल करतो, नाइलाजाने. ज्यांच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्यांचं शरीर शिसं जास्त शोषतं. म्हणजे पोराला दूध द्या, चांगलंच आहे. पण ते रोजचं जेवण झालं, उतारा नव्हे.

आता साच्याकडे. 'नव्या साच्याला आतून तेल माखून तापवा, बिडाच्या तव्यासारखा मुरवा.' उलटं आहे हो! साचा कारखान्यातून येतो तोच तेलकट, आणि ते तेल काढणं हेच पहिलं काम. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, मग खडखडीत कोरडा. आत तेल राहिलं तर शिसं पडताच ते जळतं, त्याचा वायू होतो आणि माल सुरकुतलेला निघतो. तेल लागतं ते बिजागरीला आणि वरच्या सरकपट्टीच्या (ओतल्यावर वरचं जादा शिसं कापणारी पट्टी) खिळ्याला, तेही काडीच्या टोकावर मावेल इतकंच. लोखंडी साचा मात्र ठेवणीत टाकताना गंज धरू नये म्हणून जरूर तेल लावा, फक्त पुढच्या वेळी धुवायला विसरू नका.

'तापलेला साचा पाण्यात बुडवून गार करा.' हे लिहिणाऱ्याने शिसं उडताना पाहिलेलं नाही. उमेदवारीत असताना आमच्या शेडमध्ये एकाने ओली लॅडल, म्हणजे ओतायची पळी, भट्टीतल्या वितळलेल्या धातूत घातली. थेंबभरच पाणी असेल. पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटींहून जास्त फुगतं. वितळलेला धातू थेट पत्र्यापर्यंत गेला. त्याच्या मनगटावरचे डाग मी पुढे कित्येक वर्षं पाहत होतो. शिवाय तापलेला साचा पाण्यात घातला की वाकतो, दोन भाग पुन्हा नीट मिटत नाहीत. हवेवर गार होऊ द्या. नवा साचा दोन-तीनदा तापवून तसाच निववला की तो कामाला लागतो.

साच्याला आतून काजळी धरा, हा मुद्दा मात्र बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियमला काजळी धरली की शिसं भरतंही नीट, सुटतंही नीट. फक्त मेणबत्ती नको, मेण बसतं. लायटर घ्या.

'पहिला माल सुरकुतलेला निघाला तर आतून पॉलिश पेपर मारा.' मारा आणि नवा साचा मागवा! सुरकुती म्हणजे साचा थंड किंवा तेलकट. ओतत राहा. पहिले वीस-पंचवीस नग परत भांड्यात जाणारच, त्यात रडण्यासारखं काही नाही. माल पांढुरका, दाणेदार दिसायला लागला की साचा जास्त तापलाय, थोडं थांबा.

उरला जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवून शिसं काढायचा मुद्दा. नको म्हणजे नको. त्यातली पूड आणि आम्ल घरात आणू नका, भंगारवाल्याकडून साधं शिसं घ्या.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. साचा धुऊन उन्हात ठेवलाय म्हणाला. चूल विहिरीपलीकडे, वारं पाठीवर घेऊन, कपडे वेगळे, भांडं वेगळं, हे सगळं हो-हो म्हणून ऐकलं.

"आणि तो गूळ रे?"

"आईने पुरणात घातला."