आधी घरच्यांचा विश्वास, मग मूल

मुलांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या लेखातील ‘मुलांना अनोळखी माणसांपासून सावध करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण शोषण करणारा माणूस बहुधा मुलाच्या आधी त्याच्या आईवडिलांचा विश्वास मिळवतो. आम्ही नागपुरात महाल भागात राहत असताना माझ्या धाकट्या भावाला गणित शिकवायला येणारे गृहस्थ फी घेत नसत. बाबा आजारी असताना ते मेडिकल रुग्णालयात रात्रभर थांबले होते, आजीची औषधे तेच आणत आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, भावासाठी लाकडी नंदी सजवून देत. हळूहळू घरातल्या प्रत्येक निर्णयात ‘सरांना विचारू’ असे होऊ लागले. एके दिवशी भावाने शिकवणीला बसायला नकार दिला, तेव्हा आईने ‘एवढं करतात ते आपल्यासाठी’ म्हणून त्यालाच रागावले. तो गप्प झाला, तो थेट कॉलेजात गेल्यावर बोलला. मूल बोलले तरी घरच्यांना ते खरे वाटू नये, यासाठीच ते सारे उपकार होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. आईने तो नंदी अजूनही माळ्यावरून खाली काढू दिलेला नाही.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली आहे. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो माणूस कितीही जवळचा असो. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावरही मदत मिळते.