किल्टमधला सरदार आणि त्याची लेकरं

परवा शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या दुकानात भाड्याने घेतलेल्या किल्टमधला (तिथल्या पुरुषांचा चुणीदार झगा) फोटो टाकला. खाली लगेच सुरू: "याला म्हणतात सरदार! नाहीतर आपले." मी नुसता अंगठा टाकला, सकाळी सात वाजता कोण भांडणार? पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

2019 मध्ये भाचीकडे एडिंबरोला गेलो होतो. तिथल्या नॅशनल गॅलरीत हेन्री रेबर्नने 1812 मध्ये काढलेलं एक पूर्णाकृती चित्र आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातल्या ग्लेनगॅरीचा सरदार मॅकडॉनेल. अंगावर टार्टन (तिथलं चौकटीचं लोकरी कापड), हातात लांब बंदूक, मागच्या भिंतीवर ढाल-तलवारी. नजर आपल्याकडे नाही, बाजूला कुठेतरी. "मामा, इथे सगळे सेल्फी काढतात," भाची म्हणाली. मीही काढला.

मग घरी येऊन वाचत बसलो आणि तो सेल्फी मला नकोसा झाला. या गृहस्थाने 1815 मध्ये 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या शहराला टार्टन नेसवलं, खुद्द राजालाही (आत गुलाबी तंग विजार चढवून!). तेव्हा हा मॅकडॉनेल वर्तमानपत्रांना पत्र लिहून कुरकुरत होता, की भलतेसलते लोक आमचा पोशाख घालून फिरतायत. आणि त्याच्या स्वतःच्या खोऱ्यात काय चाललं होतं? कुळं उठवून मेंढ्या घालणं. आईच्या काळात सुरू झालेलं ते काम यानेही चालू ठेवलं. तिथली माणसं इतकी कॅनडात गेली की ओंटारिओत आज ग्लेनगॅरी नावाचा परगणा आहे.

आता 'क्लॅन' हा शब्द घ्या, म्हणजे सरदार आणि त्याची सगळी भावकी. गेलिकमध्ये, म्हणजे हायलँडच्या जुन्या भाषेत, त्याचा मूळ अर्थ लेकरं. सरदार म्हणजे बाप. ज्यांच्या वाडवडिलांनी ती जमीन कसली, तिच्यासाठी रक्त सांडलं, त्यांचा तिथे राहण्याचा हक्क, अशी लोकांची समजूत. तिला गेलिकमध्ये 'दूखस' म्हणतात. आपल्याकडच्या 'मिरास' शब्दाच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी. फरक एवढाच, की हा हक्क लोकांच्या मनात होता आणि राजाच्या सहीची सनद होती सरदाराच्या पेटीत. शेकडो वर्षं दोन्ही एकत्र नांदले, कारण सरदाराला खंडापेक्षा तलवार धरणारे हात जास्त हवे होते.

ते हात पाठीशी असले की काय होतं ते डग्लस घराण्यात बघा. 1440 मध्ये एडिंबरोच्या किल्ल्यात सोळा वर्षांच्या आसपासच्या अर्ल डग्लसला (अर्ल ही बड्या सरदाराची पदवी) आणि त्याच्या धाकट्या भावाला राजाच्या नावाने कारभार करणाऱ्यांनी जेवायला बोलावलं आणि त्यांची मुंडकी उडवली. राजा दुसरा जेम्स तेव्हा दहा वर्षांचा. बारा वर्षांनी त्याच राजाने पुढच्या एका अर्ल डग्लसला अभयपत्र देऊन स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावलं, दुसऱ्या सरदारांशी केलेला करार मोड म्हणाला, तो नाही म्हणाला, आणि राजाने स्वतःच्या हाताने त्याला भोसकलं. लोक यात राजाचा क्रूरपणा बघतात. मला त्यात राजाची अगतिकता दिसते. आपल्याच राज्यातल्या माणसाला फसवून घरी बोलावून मारावं लागतं, म्हणजे त्याला न्यायासनासमोर उभं करायची सोयच नव्हती. न्यायासन अर्लचंच होतं ना!

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. मोठ्या घराण्यांकडे वंशपरंपरागत न्यायाचे हक्क होते. काहींना 'खड्डा आणि फाशी'चा अधिकार, म्हणजे पुरुषाला फासावर चढवायचं आणि बाईला पाण्याच्या खड्ड्यात बुडवायचं. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर लंडनने ठरवलं की बास, आता हे मोडायचं. 1747 मध्ये कायदा झाला आणि न्यायाचे हक्क सरकारजमा झाले. पण फुकट नाही! आर्गाइलच्या ड्यूकला, कँपबेल घराण्याच्या प्रमुखाला, 21,000 पौंड मिळाले. बंडात न पडलेल्यांच्या जमिनींना हात लागला नाही.

माझ्या मते सगळी कथा इथे वळते. न्याय गेला, फौज गेली, उरली जमीन आणि लंडनमध्ये राहायचा खर्च. आता तलवार धरणारा हात म्हणजे खंड बुडवणारं तोंड. त्यापेक्षा मेंढी बरी.

सदरलँडच्या काउंटेसच्या इस्टेटीत 1814 मध्ये पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्याने स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातली घरं रिकामी करून छपरं पेटवली. छपराची लाकडं उरली तर लोक परत येतील, म्हणून. जवळजवळ शंभरीची एक म्हातारी जळत्या घरातून बाहेर काढावी लागली, ती पाच दिवसांनी गेली. त्याच खोऱ्यात मेंढ्या पाळायचा पट्टा कुणाकडे होता? सेलरकडेच. 1816 मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. ज्युरीत बहुतेक जमीनवाले. निर्दोष. काउंटेसचा नवरा पुढे ड्यूक झाला आणि त्याचा पुतळा आजही गोल्स्पीजवळच्या डोंगरावर उभा आहे, चौथऱ्यासकट सुमारे शंभर फूट. खाली कोरलंय की कृतज्ञ कुळांनी उभारला.

आता थोडं साताऱ्याकडे. 1848 मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. त्यांनी घेतलेलं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसी हा स्कॉटलंडच्या रॅम्से घराण्याचा दहावा अर्ल. तो 1860 मध्ये गेला तेव्हा त्यालाही मुलगा नव्हता, दोन मुलीच. त्याची स्वतःची मार्क्विस ही पदवी संपली, पण बापजाद्यांची अर्लकी बिनबोभाट चुलतभावाकडे गेली. तिथे कुणी वारसाचा प्रश्न काढून घराणं खालसा केलं नाही. साताऱ्याचा असून हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, शाळेत सनावळ्या तेवढ्या पाठ केल्या होत्या.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारा कायद्याने संपली ती 28 नोव्हेंबर 2004 ला. चूक नाही, 2004च. आणि खासगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जेमतेम 432 मालकांकडे, हा 2013 पासून तिथे गाजणारा आकडा. त्यात आता परदेशी धनाढ्यही आहेत, म्हणजे सनद फक्त हात बदलते.

पण एक गाव मला फार आवडतं, इंग्लंडच्या सीमेजवळचं लँगहोम. शेजारचा माळ ब्यूक्लूच्या ड्यूकच्या इस्टेटीचा. 2021 मध्ये गावाने देणग्या गोळा करून त्यातला सुमारे 5,200 एकर 38 लाख पौंडांना विकत घेतला, पुढच्या वर्षी आणखी सुमारे 5,300 एकर. वाडवडिलांची मिरास शेवटी बाजारभावाने सोडवून घेतली म्हणा ना. गावावरच्या टेकडीवर एक उंच स्तंभ आहे, तो सर जॉन माल्कमचा. होय, दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा, महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा माल्कम. याच परिसरातल्या शेतकऱ्याच्या सतरा पोरांपैकी एक.

याच गावात 1759 मध्ये सामाईक जमिनीच्या हद्दीचा दावा मिटला आणि तेव्हापासून लोक दरवर्षी ती हद्द फिरून बघतात, आता घोड्यांवरून. एक माणूस घोड्याच्या पाठीवर उभा राहून हक्क पुकारतो. मिरवणुकीत लाकडी ताटावर सातूची भाकरी आणि खारवलेला हेरिंग मासा भल्या मोठ्या खिळ्याने ठोकून नेतात. मित्राला आत्ताच मेसेज केला: पुढच्या वेळी किल्टचं भाडं वाचव आणि जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे जा. फोटो भाकरीचा पाठव.