संदर्भसूची? ती शेवटच्या रात्री!

प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्रीपर्यंत संदर्भसूचीकडे फिरकू नका. वाचता वाचता नोंद करणं हे कारकुनाचं काम, तुम्ही संशोधक आहात. विश्रामबागेतला डीटीपीवाला सूची हातानं टाइप करून देईल, पण मग मित्रमंडळींत लाज जाते. तेव्हा लाटेकच घ्या, म्हणजे प्रबंधाची मांडणी करून देणारा प्रोग्राम. सोबत नोंदींच्या फाइलीवरून सूची बनवणारं बिबटेक असतंच. ओरेन पटाश्निक यांनी 1985 मध्ये ते लिहिलं ते तुमचा त्रास वाचावा म्हणून. पण असा फुकट वाचलेला त्रास अंगी लागत नाही.

शोधनिबंध शोधायच्या गूगल स्कॉलरवरून तयार नोंदी उचला आणि न वाचता फाइलीत ओता. एकच लेख तीन वेगवेगळ्या कीनं, म्हणजे नोंदीच्या खुणेच्या नावानं, आला तर सूची तेवढीच जाड दिसते.

दोन लेखकांच्या मध्ये ‘अँड’ लिहायचा असतो म्हणे. कशाला? लग्नपत्रिकेत आपण स्वल्पविरामच देतो की! ‘पाटील, माने, जाधव’ एवढं लिहा, बिबटेक तिघांचा मिळून एक माणूस करतं. आडनाव पाटील, नाव जाधव आणि माने बिचारे ‘ज्युनिअर’. चौथा लेखक आला की मात्र ते स्वल्पविराम फार झाले म्हणून कुरकुरतं. कुरकुरू दे, त्या तक्रारींची फाइल, म्हणजे लॉग, कोण वाचतो?

शीर्षकातल्या सांगलीला महिरपी कंस घालू नका. 2018 मध्ये जिच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती सांगली सूचीत लहान एसनं छापून येईल. शासकीय अहवालालाही दुहेरी कंस नको. ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’ हे कुणा गृहस्थाचं नाव समजून आद्याक्षरांच्या शैलीत ‘जी. ऑफ महाराष्ट्र’ असं उमटतं. किती सुटसुटीत!

आधी लाटेक, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लाटेक, एवढ्या प्रदक्षिणा गणपतीच्या देवळात घालाव्यात. इथं एकदाच चालवा. पानोपानी संदर्भाच्या जागी चौकटी कंसात ठळक प्रश्नचिन्हं येतील. प्रबंध चिंतनशील वाटतो. हे फेरे आपोआप मारणारा लाटेकएमके नावाचा प्रोग्राम आहे, त्याची चौकशीसुद्धा करू नका.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटची पानं उलटली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“या जी. ऑफ महाराष्ट्र यांचे सहा अहवाल दिसतात. अजून नोकरीत आहेत का?”

आमचे गाईड सर खिडकीबाहेर बघत राहिले.

“नाही सर,” मी म्हणालो, “निवृत्त झाले.”